म्हैस नदी ओलांडेपर्यंत

आमच्याकडे मोठी वस्तू घ्यायला कुणी एकटा जात नाही. गाय असो, विहिरीवरची मोटर असो, नाहीतर लेकीच्या लग्नातलं कपाट असो, घेणारा आदल्या दिवशी कुणाच्या तरी दारात उभा राहून म्हणतो, "उद्या जरा माझ्यासंगं चला." ज्याला हे बोलावणं येतं त्याचा त्या दिवशीचा रुबाब बघण्यासारखा असतो. इस्त्रीचा शर्ट बाहेर निघतो, आणि "आज यायला उशीर हुईल गं" हे बायकोला चार घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं जातं.

आमच्या गावात हे बोलावणं कित्येक वर्षं एकाच दारात जात होतं, आणि ते दार माझं नव्हतं.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे दुखणं कळेल. साखर कारखान्याच्या गेटबाहेर रिकामी पोती विकत घेऊन मी धंद्याला सुरुवात केली. पोत्यांवरून बॅरलवर आलो, बॅरलवरून जुन्या ट्रॉल्यांवर. आज पलूसपासून इस्लामपूरपर्यंत कुणाला जुनी ट्रॉली घ्यायची किंवा काढायची झाली तर माझ्याकडे यावं लागतं. भाव पाडणं ही माझी स्वतःची कमाई आहे, वारशात मिळालेली नाही. आकडा सांगताना दुकानदार टेबलावरची वस्तू उगाच सरळ करायला लागला, की त्या आकड्यात अजून हवा आहे हे मला कळतं. असा माणूस गावात असताना लोक खरेदीला सोबत नेत होते कुणाला? तर जन्मात एकदाही भाव न केलेल्या माणसाला.

त्यांना सगळे आबा म्हणायचे. मीही म्हणायचो, म्हणावंच लागायचं. नदीकाठची बापजाद्यांची जमीन, घरचा ऊस, कशासाठीही कुणाच्या दारात जायची वेळ आलेली नाही. उंच, सडपातळ अंग. भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट. एका खिशात भाजलेल्या शेंगा आणि दुसऱ्या खिशात सुतळीचं बंडल. चालताना ते कुणाला वाट देत नसत. लोकच बाजूला होत.

दुकानात गेले की किंमत ते अगदी शेवटी विचारायचे, आणि दुकानदार जो आकडा सांगेल त्याला मान हलवायचे. मी एकदा न राहवून म्हणालो, "आबा, निदान थोडं तरी वडून बघायचं."

ते म्हणाले, "आकडा त्येच्या पोटाचा हाय. आपन मशीन बघायची."

हे ऐकून आजूबाजूचे लोक असे बघायला लागले की जणू आबांनी काहीतरी मोठं दान केलं, आणि मी कुणाच्या तरी पोटावर पाय देत होतो.

खरं तर अशा गिऱ्हाइकावर दुकानदारांनी जीव टाकायला हवा होता. पण आबा पायरी चढताना दिसले की त्यांचा चेहरा उतरायचा. आबा दुकानातला चहा घेत नसत. "ज्येचा च्या प्यायला त्येच्या मशीनला नावं ठिवता येत न्हाईत," असं म्हणून समोरच्या टपरीवर जायचे, दुकानदारालाही तिकडेच बोलवायचे आणि त्याच्या चहाचे पैसे स्वतः द्यायचे. मग परत येऊन, ताप बघावा तसा हाताचा मागचा भाग इंजिनाला लावायचे. इंजिन कोमट लागलं, की पायरीवर बसून शेंगा सोलायला सुरुवात.

"आबा, चालू करून दावतो की," दुकानदार म्हणायचा.

"निवू दे. गार मशीन सुरू हुती का बगायचं हाय. तुमी सकाळीच दोरी वडून ठेवलिया. आमच्या रानात सकाळी येऊन कोन वडनार हाय?"

इंजिन निवेपर्यंत टरफलांचा ढीग व्हायचा, आणि जाताना आबा तो सुपलीत भरून स्वतः कचऱ्यात टाकायचे. त्यामुळे शिवी देण्याचीही सोय नव्हती.

माझ्या सासरवाडीचीच गोष्ट घ्या. कुंडलला सासूबाईंना कडबाकुट्टी घ्यायची होती. जावई मी, धंद्यातला माणूस मी. तरी सासूबाई म्हणाल्या, "तुमी भाव करा, आबा वस्तू बघत्याल." म्हणजे पिशवी धरायला माणूस न्यावा तसा मला नेला. एका यंत्राचा भाव मी असा खाली आणला की दुकानदाराला घाम फुटला. तेवढ्यात आबांनी विचारलं, "चालवनार कोन?"

"मीच की," सासूबाई म्हणाल्या.

आबांनी त्यांना यंत्राजवळ वैरण घालायला उभं राहतात तसं उभं केलं आणि मशीन बंद असतानाच नुसतं वाकायला सांगितलं. पदराचं टोक सरळ पट्ट्यावर जाऊन टेकलं. "ह्याला झाकन न्हाई. नको," एवढं बोलून आबा पुढच्या दुकानात गेले. तिथलं यंत्र महाग होतं. त्याचाही भाव मीच पाडला. पण आजतागायत त्या घरात सांगतात ते एवढंच, की आबांनी पदर वाचवला. मी किती वाचवले ते कुणाच्या लक्षातही नाही.

पुढे आमच्या भागात झाडं तोडायच्या मशीन आल्या, चेनसॉ. आधी करवतवाले यायचे. मग तेच मशीन घेऊन यायला लागले, वाटेल तो दर सांगायला लागले, आणि आज येतो म्हणून पंधरा दिवसांनी यायला लागले. त्यामुळे बांधावर चार बाभळी आणि दोन निलगिरी असलेल्या प्रत्येकाला वाटायला लागलं की आपली एक मशीन असावी. या मशीनसाठी आबांना जेवढी बोलावणी आली तेवढी ट्रॅक्टरसाठीही आली नसतील. ते म्हणायचे, "रोज लागनाऱ्या वस्तूची चूक आठ दिसात कळती. वर्षातनं दोनदा लागनाऱ्या वस्तूची चूक कोपऱ्यात गप बसती, आन् बरोबर झाड पाडायच्या दिवशी उठती."

यासाठी ते आधी रानात जायचे. जी झाडं कधी ना कधी तोडावी लागणार, त्यांच्या बुंध्याला सुतळी गुंडाळायचे आणि गाठ मारायचे. दुकानात गेल्यावर त्या सुतळीची तिघडी घातली की बुंध्याची जाडी आली. ती मशीनच्या पट्टीवर, म्हणजे चेन फिरते त्या पात्यावर, धरून बघायची. "दोन अंगांनी कापलं तर एवढी पट्टी पुरती. लांब पट्टी म्हंजी लांब भानगड." हे सगळं समजण्यासारखं होतं. पण त्यानंतर जे व्हायचं, ते मी दुसऱ्या कुठल्या माणसात बघितलेलं नाही.

आबा मशीन उचलायचे, कापताना धरतात तशी पुढे धरायचे आणि गोष्ट सांगायला लागायचे. गोष्ट ठरलेली. त्यांच्या आजोबांनी एक म्हैस नदीपल्याडच्या माणसाला विकली. दुसऱ्या दिवशी म्हैस नदी पोहून परत दारात. पाठोपाठ नवा मालक आला. ऐन जेवणाची वेळ, म्हणून त्याला पान वाढलं. पानात काय काय होतं तेही आबा सांगायचे, भरल्या वांग्यापासून दह्याच्या कवडीपर्यंत. म्हैस गेली, पुन्हा आली, पुन्हा जेवण झालं. त्याच्या पुढच्या खेपेला म्हैस आलीच नाही, नुसता माणूस आला, आणि जेवून गेला. शेवटी त्या माणसाची लेक या घरात सून होऊन आली, आणि तिच्यासोबत म्हैसही कायमची आली. ती सून म्हणजे आबांची आई.

मशीन हातात असताना ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही घास न गाळता सांगता आली, तर मशीन घ्यायची. मध्येच काही सुटलं, तर नाही. "जड वाटतंय हे मानूस तोंडानं कबूल करत न्हाई," आबा म्हणायचे. "त्येची गोष्ट करती. हात भरला की मानूस जेवन गाळतो."

गावात हा बोलण्याचा प्रकारच होऊन बसला. कुणी काही विकत आणलं की लोक विचारायचे, "म्हस घरी पोचली का?" माझ्या ट्रॉलीच्या सौद्यांनासुद्धा हाच प्रश्न. रक्त उसळायचं माझं.

आता मूळ दुखण्यावर येतो. मला एक धाकटा भाऊ. वडील लवकर गेले, त्याला मी वाढवला. भरतीच्या आधी पहाटे तो पळायचा तेव्हा सायकलवरून त्याच्यामागे मी असायचो. फौजेत हवालदार होऊन तो निवृत्त व्हायला आला, तेव्हा माझ्या रानाला लागून त्यानं तुकडा घेतला आणि मी उभं राहून त्याचा गोठा बांधला. गोठ्यावर एक वाळकी बाभूळ कललेली होती, बांधावर आणखीही झाडं होती. त्याचा फोन आला.

"आण्णा, घरची एक मशीन घिऊन ठेवूया. मी आलो की ती बाभळ पैली पाडतो."

"घेतो की. उद्याच जातो इस्लामपूरला."

"आन् आण्णा, आबांस्नी संगं न्या."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "का? मी हाय की."

"तुमी हायच वो. आबा बी आसूं देत."

तो 'बी' मी अजून विसरलेलो नाही.

गेलो. आबांनी आदल्या संध्याकाळी बाभळीला सुतळी गुंडाळून घेतली होती. दुकानात मी पाऊल टाकलं आणि एक मशीन नजरेत भरली. बावीस इंची पट्टी, अंगानं रेड्यासारखी. दुकानदारानं आकडा सांगितला आणि टेबलावरचं कॅलक्युलेटर सरळ केलं. मला तेवढं बस्स होतं. एकदा उठून मी पायरी उतरलो, पुन्हा चढलो, रागावलो, हसलो, आणि शेवटी ती बावीस इंची मशीन सोळा इंचीच्या भावात आणून ठेवली. असा सौदा त्या दुकानात त्याआधी झाला नव्हता, हे दुकानदारानं स्वतः हात जोडून सांगितलं.

आबा पायरीवर शेंगा खात होते. उठले, हात झटकले, मशीन उचलली, आणि झाली सुरुवात. म्हैस विकली. म्हैस नदीत उतरली. आणि आबांनी मशीन काउंटरवर ठेवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"म्हस नदीतच हाय. पुढं नेववत न्हाई."

दुकानातली चार-पाच गिऱ्हाइकं हसली. माझा पारा चढला. "आबा, तुमचं वय झालं. मशीन काय तुमी धरनार हाय?"

"मी न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "धरनार कोन हाय ते बग. ही बारकी घे."

"भाव मी केलाय. माझ्या भावाच्या रानात फौजी मानूस मशीन धरनार हाय. सोळा इंचीच्या पैशात बावीस इंची सोडून कोन येडा जाईल?"

आबांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. शेंग सोलली. "तुजी मर्जी," एवढंच म्हणाले. ते तोंड उघडून मिटणं मला नंतर फार दिवस आठवत राहिलं.

भाऊ आला. पहिल्याच आठवड्यात मशीन काढली. बघायला शेजारचे लोक जमले होते, आबाही बांधावर येऊन उभे होते. भावानं दोरी ओढली, मशीन गर्जली, माझी छाती फुगली. पहिली फांदी गेली. दुसरीला पट्टीचं टोक मागच्या फांदीला लागलं, आणि मशीन उसळून मागं आली. ब्रेकनं चेन थांबली म्हणून निभावलं. पण मशीन त्याच्या हातून सुटून मातीत पडली आणि तो उजवा खांदा धरून खाली बसला. तोंड पांढरंफटक.

"लागलं का रं?" मी पळत गेलो.

"न्हाई. जुनं हाय. बर्फात पडलो हुतो तवाचं. वजन पेलत न्हाई त्येला."

"मला कवा बोलला न्हाईस?"

तो खाली बघत म्हणाला, "आबांस्नी सांगितलं हुतं. त्येंनी फोनवर इचारलं, मशीन धरनार कोन, हात-खांदं बरं हायत का. तवा सांगितलं. तुमच्या जिवाला घोर नको म्हणून तुमाला सांगू नका म्हनलं."

बाभूळ तिथंच होती, गोठ्यावर कललेली. लोक हळूहळू पांगले. आबा माझ्याकडं न बघता गेले. ते एक शब्द जरी टोचून बोलले असते तर मी त्यांना सोडलं नसतं. पण शब्द त्यांच्याकडं राहिला, आणि भावाच्या खांद्याचं दुखणंही त्यांच्याकडंच राहिलं होतं, माझ्या घरचं असून.

ती मशीन मी वाया घालवली नाही. लाकडाच्या एका ठेकेदाराला घेतल्यापेक्षा चढ्या भावात विकली. तो रोज झाडं पाडणारा, त्याला ती शोभत होती. सौदा चांगलाच होता, हे मी आजही म्हणतो. पण लहान मशीन आणायला भाऊ आणि आबा गेले, एका मोटारसायकलवर. मी रस्त्यावर उभा होतो. मागं बसलेल्या आबांनी एक हात भावाच्या डाव्या खांद्यावर ठेवला होता. डाव्या. उजव्यावर चुकूनही नाही.

संध्याकाळी भाऊ लहान मुलासारखा ओरडत आला, "आण्णा, म्हस घरी पोचली!"

"किती दिलं?" मी विचारलं.

"सांगितलं तेवढं."

मी जेवलो नाही त्या दिवशी.

त्या लहान मशीननं बाभूळ पडली, मग निलगिरी, मग वाऱ्यानं आडवा झालेला शेवगा. काम झालं की टाकीतलं पेट्रोल ओतून काढायचं, उरलेल्या पेट्रोलनं मशीनची नळी तुंबते, हे आबांनी भावाला शिकवलं. तो ते देवपूजेसारखं करायचा. मीही त्याला काही कमी शिकवलेलं नाही. ते कधी इतक्या मनानं केलेलं दिसलं नाही.

मग आबांच्या मुलानं त्यांना साताऱ्याला नेलं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीतून डोंगर दिसतो म्हणे. गाव हळहळलं. माझ्या मनात आलं, आता बोलावणी कुणाच्या दारात येतात बघू. काही आलीही. पण जो तो वाटेत म्हणायचा, "आबा आसतं तर..." आणि भाऊ? त्याचा दर रविवारी साताऱ्याला फोन.

यंदा ती लहान मशीन थकली. दुरुस्तीवाला म्हणाला, आता खर्च करू नका. सकाळी भाऊ माझ्या दारात आला. माझ्या सख्ख्या भावानं पायताण काढलं, उंबऱ्याच्या आत आला, आणि म्हणाला, "आण्णा, उद्या जरा माझ्यासंगं चला."

मी बायकोला सांगितलं, "आज यायला उशीर हुईल." ती म्हणाली, "उद्या जायाचं हाय न्हवं?"

इस्लामपूरला तेच दुकान, आता दुकानदाराचा मुलगा बसतो. मी चहा नाकारला. इंजिनाला हात लावून बघितला. सुतळी आणली होती, तिची तिघडी घातली. मशीन उचलली, तर दुकानदाराचा मुलगा आणि भाऊ दोघंही माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मला दुसरी कुठली गोष्ट येत नव्हती. मी म्हैस विकली, नदीत उतरवली, पल्याडचा माणूस आणला, लग्न लावलं. मशीन खाली ठेवली. मग भाव केला, आणि असा केला की तो मुलगा बापाला फोन लावायला उठला. दोघांनी मिळून मशीन गाडीत ठेवली. येताना भाऊ शीळ वाजवत होता. मी त्याच्याकडं तिरक्या नजरेनं बघत गाडी चालवत होतो. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

घरी पोचतोय तोवर साताऱ्याचा फोन. भावानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावून ओट्यावर ठेवला.

"काय रं, घेतली का?" आवाज खोल गेला होता, पण तोच.

"घेतली आबा. आण्णांनी गोष्ट बी सांगितली."

"कुटवर?"

"लग्नापतूर की."

"जेवन सांगितलं का त्येनं? वांगं, दही?"

भाऊ माझ्याकडं बघायला लागला. "जेवन... न्हाई. जेवन न्हाई सांगितलं."

पलीकडून शेंग फुटल्याचा आवाज आला. "मग जड हाय."

माझ्या कानशिलापर्यंत रक्त आलं. एवढा लांब, तिसऱ्या मजल्यावर बसून हा माणूस माझ्या हातातली वस्तू तोलत होता, आणि माझा भाऊ काळजीनं मशीनकडं बघायला लागला होता.

"धरनार कोन हाय पर?" फोनमधून आबांनी विचारलं. "तुज्या खांद्याला ती..."

"मी धरनार हाय!" मी ओरडलो. "त्येला मी हात लावू देत न्हाई. झाड मी तोडनार."

भाऊ काहीतरी बोलायला गेला, मी बोटानं त्याला गप्प केलं. मशीन उचलली, हात पुढं केले, आणि अंगणात उभा राहून पहिल्यापासून सुरुवात केली. म्हैस विकली. म्हैस नदीत उतरली. काठावर आली. माणूस आला. मी पान वाढलं. भाकरी वाढली, भरलं वांगं वाढलं, ठेचा वाढला. दंडात कळ भरायला लागली होती.

"ठेचा नंतर," फोन म्हणाला. "आदी दही. माज्या आजीच्या हाताला..."

"आबा," मी म्हणालो, "गप बसा जरा. मशीन माझ्या हातात हाय."

पलीकडं शेंगा सोलायचं थांबलं. मी आधी दही वाढलं आणि पुढं निघालो.